उणे ५ अंशांना फळमाशी मरते, पण आधी ४ अंशांत ठेवली तर वाचते: रेणूंच्या पातळीवर नेमकं काय घडतं?

प्रश्न: पंखफडफड

नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ड्रोसोफिला मेलानोगॅस्टरवर थंडीचा प्रयोग चालू आहे. २५ अंश सेल्सिअसला वाढवलेल्या माशांचे दोन गट आहेत. 'अ' गट थेट उणे ५ अंशांत २ तास. 'ब' गट आधी फ्रिजमध्ये ४ अंशांवर २ तास आणि मग उणे ५ मध्ये २ तास. २४ तासांनी पाहिलं तर 'अ' मधल्या जवळजवळ सगळ्या मेलेल्या असतात, 'ब' मधल्या निम्म्याहून जास्त चालत असतात. म्हणजे पुस्तकातलं रॅपिड कोल्ड हार्डनिंग (आरसीएच, थोड्या थंडीने कडक थंडीसाठी झटपट होणारी तयारी) दिसतं, पण दर खेपेला आकडे फार हेलकावतात.

खरी अडचण पुढची. ही राखण कोणता रेणू करतो हे शोधायचं आहे. उणे ५ चे दोन तास संपले की लगेच आरएनए काढून क्यूपीसीआरने (ठरावीक जनुकाच्या आरएनए प्रती मोजण्याची पद्धत) एचएसपी७० हे ताणात प्रथिनांना सावरणाऱ्या प्रथिनाचं जनुक मोजलं. दोन्ही गटांत फरक नाही. ग्लिसरॉलच्या किटनेही मोजून पाहिलं, त्यातही सांगण्यासारखं काही वाढलेलं नाही.

पद्धत अशी: माशा मोजायला कार्बन डायऑक्साइडची गुंगी, मोजून झाल्या की लगेच प्रयोग. २० माशांची एक कुपी, तळाशी नेहमीचं खाद्य. उणे ५ साठी थर्मासमध्ये बर्फ आणि मीठ, त्यात थर्मामीटर.

विचारायचं ते हे. उणे ५ ला माशीच्या अंगातलं पाणी गोठतं का? एचएसपी७० का वाढत नाही? माशीत गोठणरोधी प्रथिनं असतात का, आणि नसतील तर ४ अंशांतले दोन तास तिला काय देऊन जातात?

---

हिमरेषा

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच येतो. नाही, गोठत नाही. फळमाशीचं हिमोलिम्फ, म्हणजे कीटकाचं रक्त, साधारण उणे पाऊण अंशाला वितळतं, पण गोठायला बर्फाचा पहिला कण जमावा लागतो आणि एवढ्याशा देहात तो सहजी जमत नाही. प्रौढ माशी कोरडी असेल तर उणे १७ ते उणे २० अंशांपर्यंत द्रवच राहते. यालाच अतिशीतन म्हणतात. तुमच्या माशा बर्फाने मरत नाहीत, निव्वळ गारठ्याने मरतात. म्हणून 'गोठणरोधी काय आहे' हा प्रश्न या प्रयोगाला लागूच पडत नाही.

गारठ्याने मरणं म्हणजे काय? पेशीच्या पटलातले सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी जाळून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवतात. तापमान उतरलं की पंपाची गती झपाट्याने पडते. आयनांची गळती मात्र तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. गळती जिंकायला लागली की तोल जातो. कीटकांत हा तोल आतड्यात आणि मालपिघियन नलिकांत (कीटकांच्या उत्सर्जनाच्या नळ्यांत) राखला जातो. थंडीत हिमोलिम्फमधलं सोडियम आतड्याकडे सरकतं, त्याच्यामागे पाणी जातं. उरलेल्या थोड्या हिमोलिम्फमध्ये पोटॅशियम दाट होतं. बाहेर पोटॅशियम वाढलं की स्नायूपेशीच्या पटलावरचा विद्युतदाब घसरतो. रातकिड्यांच्या ग्रिलस प्रजातीत ही साखळी फार नीट उलगडली गेली आहे.

यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. माशी ५-६ अंशांच्या आसपास निपचित पडते, ती शीतमूर्च्छा. त्यात मेंदूच्या ऊतीत विद्युतदाब अचानक कोसळण्याची लाट पसरते. ही अवस्था उलटवता येते, उबेत आणली की माशी उठते. जीव जातो तो नंतरच्या इजेने, आणि तिला वेळ लागतो. विद्युतदाब घसरलेला राहिला की कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम पेशीत भसाभसा शिरतं आणि पेशी स्वतःला मोडून टाकण्याच्या वाटेला लागते. लोकस्टा मायग्रेटोरिया या टोळाच्या स्नायूंवर २०१८ मध्ये हे दाखवलं गेलं. पोटॅशियम वाढवलं पण बाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं, तर थंडीतही पेशी बऱ्याच प्रमाणात वाचतात.

उणे ५ चे दोन तास मात्र थोडे वेगळे आहेत. तिथे पोटॅशियम साचायला पुरेसा वेळ मिळायच्या आतच पटल आणि प्रथिनं यांवर थेट घाव बसतो. पटलातले मेदरेणू द्रवासारखे हलते असतात ते आखडून घट्ट होतात. काही ठिकाणी घट्ट आणि हलते रेणू वेगळे पडतात आणि त्यांच्या सांध्यावर पटल झिरपायला लागतं. याला शीतआघात म्हणतात. ० ते ४ अंशांवर दिवसचे दिवस ठेवल्याने होणारी इजा वेगळी. पुस्तकांत दोन्ही एकाच परिच्छेदात येतात, म्हणून घोळ होतो.

तेव्हा ४ अंशांतले दोन तास देतात ते ढालीसारखं एखादं नवं द्रव्य नव्हे. पेशीत आधीपासून असलेल्या यंत्रणेचे खटके पडतात. १९८७ मध्ये ली, चेन आणि डेनलिंगर यांनी आरसीएचचं पहिलं वर्णन केलं ते सार्कोफागा क्रासिपाल्पिस या मांसमाशीवर. पुढे असं दिसलं की तिच्या ऊती शरीराबाहेर काढून थंड केल्या तरी त्या शीतसिद्ध (थंडी सोसायला तयार) होतात, म्हणजे मेंदूचा किंवा हार्मोनचा हुकूम लागत नाही. थंडी लागताच पेशीत कॅल्शियमचा छोटा उसासा येतो, कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम पकडणाऱ्या प्रथिनावर चालणारी किनेझ (प्रथिनांना फॉस्फेट जोडणारी एन्झाइमं) जागी होतात. पी३८ नावाचं किनेझ तर ० अंशाला दहा मिनिटांच्या आत फॉस्फेट चढवून घेतं. इजेच्या वेळी येतो तो कॅल्शियमचा पूर, हा नुसता इशारा. त्याच माशांत आरसीएचमुळे पेशींचा आत्मघात कमी होतो हेही मोजलेलं आहे.

---

पिपेट_आणि_पॅराफिल्म

हिमरेषा यांनी जीवशास्त्र सांगितलं, मी टेबलावरचं सांगते. तुमचे आकडे हेलकावतात त्याची तीन-चार कारणं तुमच्या वर्णनातच आहेत.

सर्वांत मोठी चूक कार्बन डायऑक्साइडची. गुंगी देऊन लगेच प्रयोगाला घेतलेल्या माशांत आरसीएच कमी दिसतं आणि शीतमूर्च्छेतून उठायला लागणारा वेळही बदलतो. हा परिणाम खास तपासून पाहिलेला आहे. नर-मादी निवडून, मोजून, कुप्या भरून झाल्या की किमान २४ तास, शक्य असेल तर ४८ तास, २५ अंशांवर ताज्या खाद्यावर राहू द्या. प्रयोगाच्या दिवशी एका कुपीतून दुसऱ्या कुपीत नुसतं आपटून ओता, गुंगी नको. बर्फावर ठेवून शांत करायचा मोह होईल, तोही टाळा, कारण बर्फ म्हणजे आरसीएचचाच डोस.

खाद्य काढा. थंड होताना खाद्यातली वाफ काचेवर आणि माशांवर दव होऊन बसते. ओल्या माशीवरचा थेंब गोठला तर बर्फ श्वासरंध्रांतून किंवा त्वचेतून आत शिरू शकतो, आणि मग उणे ५ लाही माशी खरोखर गोठते. हिमरेषा म्हणतात ते उणे १७ कोरड्या माशीसाठी आहे. रिकामी कोरडी कुपी घ्या आणि कापसाचा किंवा स्पंजचा बोळा आत इतका ढकला की माशांची जागा पूर्णपणे द्रावणाच्या पातळीखाली येईल. बोळा वर राहिला की काही माशा मानेपाशी चढून बसतात आणि त्यांना उणे २ च मिळतो. त्याच तुमच्या 'वाचलेल्या' माशा असू शकतात.

तापमान कुपीच्या आत मोजा. थर्मासमधल्या थर्मामीटरचा आकडा माशीला लागू नाही. बारीक टी-प्रकारचं थर्मोकपल बोळ्यातून एका डमी कुपीत सोडा. कुपीतली हवा उणे ५ ला यायला बरीच मिनिटं लागतात, आणि दोन तास तिथून मोजायचे की बुडवल्यापासून, हे एकदा ठरवून सगळीकडे तसंच करा.

मीठ-बर्फ चालेल, पण मिठाचं गणित सांभाळा. १ किलो पाण्यात सुमारे ८७ ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाने ८ टक्के, असलं की गोठणबिंदू उणे ५ च्या जवळ येतो. मूठभर मीठ जास्त पडलं तर मिश्रण उणे १०, उणे १५ पर्यंत सहज उतरतं. साध्या मिठाची तळाची सीमा उणे २१ ची आहे. उलट बाजूने, बर्फ वितळत जातो तसं द्रावण पातळ होऊन दोन तासांत अंशभर वर सरकतं. ८ टक्क्यांचं द्रावण आदल्या रात्री डीप फ्रीझरमध्ये अर्धवट गोठवा, सकाळी त्याचा गाळ थर्मासमध्ये भरा आणि दर १० मिनिटांनी ढवळा. विभागात फिरत्या द्रवाचा थंड बाथ असेल तर एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे भरून तोच वापरा. अर्ध्या अंशाच्या फरकाने या भागात जगण्याचं प्रमाण उलटंपालटं होतं, म्हणून हे एवढं बजावून सांगते.

४ अंशांसाठीही फ्रिजमधली हवा नको. दार उघडलं की ती ८ वर जाते. मोठ्या बीकरमध्ये पाणी भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि कुपी त्यात बुडवा.

माशा ४ ते ६ दिवसांच्या, नर आणि मादी वेगळे. गट चार हवेत, दोन नव्हे: नुसती हाताळणी, नुसते ४ अंश, थेट उणे ५, आणि ४ नंतर उणे ५. आधी उणे ३ ते उणे ७ असा एक-एक अंशाचा सराव करून तुमच्या वाणाला थेट थंडीत ८० ते ९० टक्के मारणारं तापमान शोधा. सगळ्या मेल्या किंवा सगळ्या जगल्या तर फरक दिसायला जागाच उरत नाही. प्रयोगानंतर माशा खाद्याच्या कुपीत टाका पण कुपी आडवी ठेवा. मूर्च्छेतली माशी उभ्या कुपीत ओल्या खाद्याला चिकटते आणि थंडीऐवजी तिथेच मरते. २४ तासांनी जी पायांवर उभी राहून चालते ती जिवंत. नुसते पाय हलवणारी वेगळ्या रकान्यात.

मोजणीचं एकक कुपी आहे, माशी नव्हे. एका कुपीतल्या २० माशा एकच झटका सोसतात. प्रत्येक गटाला निदान ५-६ कुप्या, वेगवेगळ्या दिवशी. टक्केवारीवर टी-टेस्ट लावू नका. द्विपद वितरणाचं मॉडेल घ्या आणि कुपी व दिवस हे यादृच्छिक घटक म्हणून घाला.

आता एचएसपी७०. तुमचं क्यूपीसीआर चुकलेलं नसेल, वेळ चुकली आहे. फळमाशीत एचएसपी७० थंडी चालू असताना वाढत नाही, उबेत परतल्यावर वाढतं. उणे ५ ला प्रतिलेखन (जनुकावरून आरएनए बनणं) जवळजवळ थिजलेलं असतं, त्यामुळे दोन तासांच्या शेवटी काढलेला आरएनए म्हणजे दोन तासांपूर्वीचाच फोटो. २५ अंशांवर परत आणल्यानंतर ०, १, २, ४ आणि ६ तासांनी नमुने घ्या. त्याच्यासोबत फ्रॉस्ट नावाचं जनुकही मोजा, तेही थंडीनंतरच्या सावरण्याच्या काळात जोरात वाढतं. ० तासाच्या नमुन्याला माशा सेकंदांत द्रव नायट्रोजनमध्ये गेल्या पाहिजेत. टेबलावर नळ्यांवर नावं लिहीत पाच मिनिटं घालवली की तो नमुना सावरणीचा झाला.

एक खाचखळगा जरूर पाहा. एचएसपी७० च्या जनुकांत इंट्रॉन (आरएनए पक्का होताना कापले जाणारे मधले तुकडे) नसतात आणि फळमाशीच्या संदर्भ-वाणात त्याच्या सहा प्रती आहेत. त्यामुळे जोडावर बसणारे प्रायमर करता येत नाहीत, आणि आरएनएमध्ये उरलेला डीएनए थेट एचएसपी७० म्हणून मोजला जातो. डीएनेझ नीट द्या आणि प्रत्येक नमुन्याला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी लावा. प्रायमर चालतात का हे बघायला ३७ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवलेल्या माशा घ्या, त्यांत एचएसपी७० प्रचंड वाढलेलं दिसायलाच हवं. संदर्भ म्हणून फक्त आरपी४९ वर विसंबू नका. दोन-तीन जनुकं घेऊन त्यांची स्थिरता तपासा.

---

पंखफडफड

खूप आभार, दोघांचे. थर्मासमधलं आत्ता कुपीच्या आतून मोजलं, उणे ५ ऐवजी उणे ३.५ ते उणे ७ असं फिरतंय. हेलकाव्यांचं कारण कळलं.

पण एक शंका. सार्कोफागाच्या त्या पहिल्या कामात ग्लिसरॉल वाढल्याचं आहेच ना? मार्गदर्शकांचं म्हणणं आहे की हिवाळी कीटक ग्लिसरॉलवरच तगतात, तर माशीतही तेच असलं पाहिजे आणि किटची संवेदनशीलता कमी पडत असेल.

---

गाठीतली_अळी

मार्गदर्शकांचं पहिलं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे, दुसरं त्यातून निघत नाही. मांसमाशीत आरसीएचच्या दोन तासांत ग्लिसरॉल दोन-तीन पट वाढतं, हे खरं. पण पट पाहू नका, मोलॅलिटी, म्हणजे दर किलो पाण्यामागे किती मोल, ते पाहा. कोणताही विरघळलेला पदार्थ १ ऑस्मोल (विरघळलेल्या कणांचा एक मोल) प्रति किलो पाणी या प्रमाणात असेल तर वितळणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. ग्लिसरॉल ८० मिलिमोलरपर्यंत चढलं असं धरा, म्हणजे उतार ०.१५ अंश. उणे ५ ला याने पाण्याच्या गोठण्यात काहीच फरक पडत नाही. वितळणबिंदू खरोखर ५ अंशांनी उतरवायचा तर सुमारे २.७ ऑस्मोल लागतात, म्हणजे दर किलो पाण्यामागे जवळजवळ २५० ग्रॅम ग्लिसरॉल. दोन तासांत फळमाशी हे बनवू शकत नाही, तिच्याकडे तेवढं ग्लायकोजेनच नसतं. आरसीएचमध्ये ग्लुकोज-ट्रेहॅलोज थोडे वाढल्याचं काही प्रयोगशाळांना दिसलं, काहींना नाही. दिसलं तरी या गणितात ते नगण्य. एवढ्या कमी प्रमाणातही हे रेणू प्रथिनांना किंवा पटलाला आधार देत असतील, त्याची शक्यता मी फेटाळत नाही.

ग्लिसरॉलची खरी गोष्ट कुठे आहे ते सांगतो, म्हणजे तुलना करता येईल. उत्तर अमेरिकेत गोल्डनरॉडच्या खोडावर चेंडूसारख्या गाठी येतात. त्यात युरोस्टा सॉलिडाजिनिस या माशीची अळी हिवाळा काढते. त्याच झाडावर लंबुळक्या गाठीत एपिब्लेमा स्कडेरियाना या पतंगाची अळी असते. झाड एक, थंडी एक, पण मार्ग अगदी उलट.

एपिब्लेमा गोठणं टाळते. हिवाळ्यात तिच्या ओल्या वजनाचा जवळजवळ पाचवा भाग ग्लिसरॉल असतो आणि ती उणे ३८ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत द्रव राहते. गोठली की संपली. युरोस्टा गोठून घेते. उणे ८ ते उणे १० च्या सुमारास तिच्या पेशींबाहेरच्या द्रवात बर्फ धरतो आणि ती पुढे कितीतरी खाली तग धरते. तिच्या मेदपेशींत तर आतसुद्धा बर्फ होतो आणि तरी त्या जगतात. आर. डब्ल्यू. सॉल्ट यांनी १९५९ मध्येच हे नोंदवलं होतं, आणि पाठ्यपुस्तकातल्या 'पेशीच्या आत बर्फ म्हणजे मरण' या नियमाला हा सर्वांत चांगला अपवाद आहे.

गोठणाऱ्या अळीत ग्लिसरॉलचं काम वितळणबिंदू उतरवणं हे नाही, बर्फाचं प्रमाण कमी ठेवणं हे आहे. बर्फ शुद्ध पाण्याचा होतो, क्षार-साखरा उरलेल्या पाण्यात दाटतात. तापमान उणे ५ असेल तर उरलेल्या द्रवाची दाटी २.७ ऑस्मोलला पोचेपर्यंत पाणी गोठत राहतं. सुरुवात ०.४ ऑस्मोलने झाली तर १५ टक्के पाणी द्रव उरतं, ८५ टक्के बर्फ. ग्लिसरॉल-सॉर्बिटॉल घालून सुरुवात १ ऑस्मोलवर नेली तर द्रव ३७ टक्के आणि बर्फ ६३. पेशीला चिकटून असलेलं, न गोठणारं पाणी यात धरलेलं नाही, त्यामुळे खरे आकडे आणखी थोडे बरे. बहुतेक गोठणसहिष्णू कीटकांची हद्द अंगातल्या पाण्याच्या साधारण दोन तृतीयांश बर्फाजवळ आहे. त्यापलीकडे पेशी इतकी आक्रसते की पटलं एकमेकांवर दाबली जाऊन चिकटतात.

हे ग्लिसरॉल येतं कुठून ते रेणूंच्या पातळीवर फार देखणं आहे. थंडीत सगळीच एन्झाइमं मंदावतात, मग ग्लायकोजेन फोडणारं फॉस्फोरिलेज का जागं होतं? कारण ते चालू करणारं किनेझ थंडीत बऱ्यापैकी काम करत राहतं, आणि ते बंद करणारं फॉस्फेटेज मात्र पार गळाठतं. चालू करणारा हात उरला, बंद करणारा गळला, म्हणून फॉस्फोरिलेज आपोआप चालूच्या बाजूला झुकतं. वेगळा तापमापक लागत नाही. युरोस्टामध्ये १५ वरून ५ अंशांकडे उतरताना ग्लिसरॉल जमतं, आणि साधारण ५ च्या खाली सॉर्बिटॉलचा मार्ग उघडतो. दोन्हींना लागणारं एनएडीपीएच पेंटोज फॉस्फेटच्या वाटेने येतं. ही तयारी आठवड्यांची असते, दोन तासांची नव्हे.

आता तुमचा गोठणरोधी प्रथिनांचा प्रश्न. फळमाशीत ती नाहीत. ज्यांत आहेत त्यांतलं सर्वांत अभ्यासलेलं म्हणजे टेनेब्रिओ मोलिटर या भुंगेऱ्याचं. त्याची अळी आपल्याकडे पक्ष्यांचा आणि मत्स्यांचा खुराक म्हणून 'मीलवर्म' नावाने मिळते. १९६४ मध्ये रॅम्झी यांना तिच्या गुदाशयाजवळच्या द्रवात वितळणबिंदू आणि गोठणबिंदू यांत फट दिसली, तिला तापीय हिस्टेरेसिस म्हणतात. प्रथिन जेमतेम ८.४ किलोडाल्टनचं. १२-१२ अमिनो आम्लांचे वेढे एकावर एक, मध्ये डायसल्फाइडचे टाके, आणि एका सपाट बाजूवर थ्रिओनिन-सिस्टीन-थ्रिओनिन अशी ओळ. त्या थ्रिओनिनांमधलं अंतर बर्फाच्या स्फटिकातल्या ऑक्सिजन अणूंच्या अंतराशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. प्रथिन कणाला चिकटतं, मधल्या जागेत बर्फाला फुगवटा घेऊन वाढावं लागतं आणि ते ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडतं, म्हणून कण वाढायचा थांबतो. स्प्रूस बडवर्म या पतंगात १५-१५ अमिनो आम्लांचे वेढे आहेत आणि ते उलट्या हाताने फिरलेले, पण थ्रिओनिनांची मांडणी तीच. दोन्ही रचना २००० मध्ये प्रसिद्ध झाल्या. इतक्या दूरच्या दोन गटांनी एकच उत्तर स्वतंत्रपणे काढलं. माशांच्या म्हणजे मत्स्यांच्या गोठणरोधी प्रथिनांत ही फट एक-दीड अंशाची असते, कीटकांत ५-६ अंशांपर्यंत जाते.

आणि सगळंच प्रथिन नसतं. अलास्कातला उपिस सेरॅम्बॉइडिस हा भुंगेरा उणे ६० अंशांपर्यंत गोठून जगतो. त्यातला गोठणरोधी पदार्थ झायलोज आणि मॅनोज या साखरांच्या साखळीचा निघाला, २००९ मध्ये.

गोठून जगणाऱ्या काही जाती उलट बर्फ लवकर धरावा म्हणून हिमोलिम्फमध्ये हिमकेंद्रक प्रथिनं ठेवतात. उणे ७-८ ला सावकाश धरलेला बर्फ पेशीबाहेर राहतो, उणे २० ला एकदम भडकलेला बर्फ सगळीकडे घुसतो. युरोस्टामध्ये हे काम मालपिघियन नलिकांतले कॅल्शियम फॉस्फेटचे गोलेही करू शकतात.

तुमच्या माशीच्या जवळचं एक उदाहरण मात्र लक्षात ठेवा. कायमायझा कॉस्टाटा ही ड्रोसोफिलाच्याच कुळातली माशी. तिची शीतसिद्ध अळी द्रव नायट्रोजनमधून जिवंत निघते आणि तिच्या अंगात प्रोलीन हे अमिनो आम्ल साठलेलं असतं. २०१२ मध्ये चेक गटाने फळमाशीच्या अळ्यांना प्रोलीन घातलेलं खाद्य दिलं, थंडीची सवय लावली आणि सावकाश गोठवलं. अंगातलं निम्म्याच्या आसपास पाणी गोठूनही काही अळ्या जगल्या आणि पुढे प्रौढ झाल्या. मार्गदर्शकांना संरक्षक रेणूवरच काम हवं असेल तर फळमाशीत ग्लिसरॉलपेक्षा प्रोलीन हा कितीतरी सरस धागा आहे.

---

तुतीचा_पाला

ग्लिसरॉल दिसलं की थंडीशीच नातं जोडायचं, या सवयीबद्दल थोडं. रेशीमकिड्याच्या, बॉम्बिक्स मोरीच्या सुप्तावस्थेतल्या अंड्यात ग्लायकोजेनचं सॉर्बिटॉल आणि ग्लिसरॉल होतं, हे चिनो यांनी १९५० च्या दशकात दाखवलं. पण ते होतं २५ अंशांवर, अंडी घातल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, थंडी लागायच्या कितीतरी आधी. म्हणजे हा थंडीला दिलेला प्रतिसाद नाही, सुप्तावस्थेचा भाग आहे. उलट ५ अंशांवर दीड-दोन महिने ठेवलं की सॉर्बिटॉल डिहायड्रोजिनेज जागं होतं, सॉर्बिटॉल पुन्हा ग्लायकोजेन होतं आणि भ्रूण वाढायला मोकळा होतो. २००० मध्ये जपानी संशोधकांनी भ्रूण बाहेर काढून वाढवून पाहिले तर सॉर्बिटॉल स्वतःच वाढ थांबवतं असं निघालं. गोठणरोधी समजला जाणारा रेणू इथे कुलूप म्हणून वापरलेला आहे.

महाराष्ट्रात वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या (बायव्होल्टाइन) वाणांची अंडीपुंज हाताळणाऱ्यांना शीतगृहाचं वेळापत्रक का पाळावं लागतं ते यावरून कळतं. थंडीतून लवकर बाहेर काढली तर सॉर्बिटॉल पुरतं उलटलेलं नसतं आणि अंडी एकदम न फुटता तुकड्यातुकड्याने फुटतात. सुप्तावस्थाच नको असेल तर अंडी घातल्यापासून साधारण २० ते २४ तासांत १.०७५ विशिष्ट गुरुत्वाच्या हायड्रोक्लोरिक आम्लात ४६ अंशांवर ५ मिनिटं बुडवतात, मग लगेच भरपूर पाण्याने धुतात. उशीर झाला की त्याच आम्लाचा उपयोग होत नाही.

---

पंखफडफड

प्रोलीनचा धागा मार्गदर्शकांसमोर ठेवतो. तोवर आरसीएचचंच पूर्ण करायचं तर दोन महिन्यांत, आमच्या साध्या प्रयोगशाळेत, काय मोजणं शक्य आहे? हिमोलिम्फमधलं पोटॅशियम मोजता येईल का?

---

पिपेट_आणि_पॅराफिल्म

पोटॅशियम सोडा. एका माशीतून शंभर नॅनोलिटरहून कमी हिमोलिम्फ मिळतं, ते तेलाखाली थेंबात घेऊन आयन-निवडक सूक्ष्म इलेक्ट्रोडने मोजावं लागतं. इलेक्ट्रोड ओढणं, सिलेन लावणं, आयोनोफोर भरणं, दर तासाला अंशांकन, हे शिकण्यातच दोन महिने जातील. शिवाय हिमरेषा यांनी वर म्हटल्याप्रमाणे दोन तासांच्या शीतआघातात पोटॅशियम हा मुख्य गुन्हेगार नाही.

तुम्ही करू शकाल ते हे. एक, शीतमूर्च्छेतून उठण्याचा वेळ. कुप्या बर्फ-पाण्याच्या गाळात, बरोबर ० अंशाला, ४ तास. मग २५ अंशांच्या स्थिर खोलीत माशा पांढऱ्या कागदावर पसरा आणि प्रत्येकीचा सहा पायांवर उभं राहण्याचा क्षण नोंदवा. खोलीचं तापमान लिहून ठेवा, पंखा बंद ठेवा, ६० मिनिटांत न उठलेल्यांना सेन्सर्ड (नेमका वेळ माहीत नाही, पण ६० मिनिटांहून जास्त) धरून सर्व्हायव्हल विश्लेषण करा. हे सोडियम-पोटॅशियमचा तोल किती पटकन सावरतो त्याचं अप्रत्यक्ष माप आहे, खर्च शून्य.

दोन, पी३८ चा वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखून मोजण्याची पद्धत). ४ अंशांवर ०, १०, ३०, ६० आणि १२० मिनिटं, दर नमुन्याला १० ते १५ माशा. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून थेट गरम एसडीएस बफरमध्ये वाटा, नाहीतर फॉस्फेटेजं वाटताना फॉस्फेट काढून टाकतात. फॉस्फो-पी३८ आणि एकूण पी३८ अशा दोन प्रतिपिंडांनी एकाच पडद्यावर गुणोत्तर घ्या. एकूण पी३८ न मोजता नुसता फॉस्फोचा पट्टा दाखवला तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

तीन, क्यूपीसीआर वर सांगितलेल्या सावरणीच्या वेळांना. यात एक अपेक्षा आधीच लिहून ठेवा: ४ अंशांच्या शेवटी, म्हणजे आरसीएच पूर्ण झालेलं असताना, कोणत्याच जनुकात फरक न दिसण्याची शक्यता मोठी आहे. सार्कोफागा बुलाटावर २०१२ मध्ये अख्खं ट्रान्स्क्रिप्टोम (सगळ्या जनुकांचे आरएनए) पाहिलं गेलं तेव्हा आरसीएचने एकाही प्रतिलेखात ठोस बदल दाखवला नाही, चयापचयी रेणूंत मात्र बदल होते. तुमचा शून्य निकाल त्याच्याशी जुळेल, म्हणून तो अपयशी प्रयोग म्हणून परिशिष्टात टाकू नका. फक्त ३७ अंशांचा धनात्मक नमुना त्याच प्लेटवर चालवा, म्हणजे शून्य हे माशीचं आहे, प्रायमरचं नाही, हे दिसेल.